कानातले खडे जागचे हलले की

आत्या पहाटे साडेपाचला उजव्या कुशीवर वळली आणि अख्खी खोली गरगरली. पंखा, कपाट, देवाचा फोटो सगळं एका बाजूला पळत होतं म्हणे, तिने पलंगाची कड घट्ट धरून ठेवली, अर्ध्या मिनिटात थांबलं, पण कूस बदलली की पुन्हा तेच. उलटीही झाली. पुढचे बारा दिवस जे झालं ते आपल्याकडे घरोघरी होतं म्हणून हे लिहितेय. बीपी बघितलं, ठीक. शुगर ठीक. कोणी म्हणालं पित्त. एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढून "मणक्यात गॅप आहे" म्हणत गळ्यात पट्टा अडकवला (पन्नाशीनंतर मानेची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच), दुसरीकडे एमआरआय झाला, तो नॉर्मल. शेजारच्या काकूंनी मीठमोहरीने दृष्टसुद्धा काढली. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर झटकन आडवं केलं, तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, कानातले खडे हललेत.

आधी एक गोष्ट. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. पटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ते वेगळं, त्यात बीपी उतरणं, अंगातलं पाणी कमी होणं, रक्त कमी असणं अशी कारणं असतात. चालताना तोल जातो ते वेगळं, त्यात पायाच्या नसाही असू शकतात, जुन्या शुगरवाल्यांना होतं तसं. आणि आजूबाजूचं घर फिरतं, ती खरी गरगर, तिचं मूळ बऱ्याचदा कानात असतं. त्यामुळे डॉक्टरांकडे चक्कर हा शब्द न वापरता सांगून बघा, नेमकं काय होतं, काय करताना होतं आणि किती वेळ टिकतं. निम्मं निदान तिथेच होतं.

आता कानाचं. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागून तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींना साधारण काटकोनात, आणि त्यात पाणी. एका पसरट पातेल्यात पाणी घ्या, वर चिमूटभर चहापूड टाका, पाणी शांत झालं की पातेलं झटकन फिरवा. पातेलं फिरतं, चहापूड मात्र जागच्या जागी राहते. डोकं वळवलं की नलिकेतही हेच होतं, नलिका वळते, पाणी मागे राहतं, आणि नलिकेच्या फुगीर टोकाशी असलेला जेलीसारखा पडदा त्या पाण्याने वाकतो. पडद्यात रुतलेले बारीक केस वाकले की मेंदूला कळतं, डोकं वळलं. पातेलं बराच वेळ फिरवून थांबवलं तर पाणी फिरतच राहतं ना, फुगडी थांबल्यावर घर फिरतं ते यामुळेच.

शेजारच्या पिशवीत मात्र वेगळी व्यवस्था. तिथे जेलीच्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी सूक्ष्म खडे चिकटलेले असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, शिंपल्यात आणि अंड्याच्या कवचात असतं तेच द्रव्य. त्यांच्या वजनामुळे आपल्याला वर-खाली कळतं. वयाने, डोक्याला मार लागून, कधी काहीच कारण नसताना हे खडे सुटतात आणि बहुतेक वेळा मागच्या नलिकेत घरंगळतात. तिथे त्यांचं काही काम नाही. पण आडवं झालं की ते खाली सरकतात, जाताना पाणी ओढतात, पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की डोकं गरागरा फिरतंय. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कान सांगतो फिरतेय. खडे सरकायला दोनचार सेकंद लागतात म्हणून गरगर जरा उशिरा सुरू होते, आणि ते तळाशी बसले की थांबते, बहुधा मिनिटाच्या आत. मला हे इतकं आवडतं, कारण आजाराचं सगळं वेळापत्रक त्या पाण्यातल्या खड्यांच्या चालीवरून समजतं.

डॉक्टर डोळ्यांत का बघत होते? मोबाईल समोर स्थिर धरा आणि डोकं नाही-नाही म्हणत हलवा, अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवून मोबाईल तेवढ्याच वेगाने हलवा, सगळं फरकटतं. पहिल्या वेळी कानच डोळ्यांना उलट दिशेला वळवत होता, मेंदूला विचार करायला वेळ न देता. म्हणून कानातून खोटा निरोप गेला की डोळेही खोटेच वळतात, हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात. मागच्या नलिकेत खडे असतील तर झटका वरच्या दिशेला आणि सोबत बुबुळाचा वरचा भाग खालच्या कानाकडे पीळ घेतो, आडव्या नलिकेत असतील तर डोळे आडवेच हलतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवरून कान कोणता आणि नलिका कोणती हे कळतं, तेही मशीनशिवाय.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना कान आणि तोलाच्या कामासाठी 1914 चं नोबेल मिळालं, ही गरगर त्यांनी 1921 मध्ये नोंदवली. आडवं करून तपासायची पद्धत डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये मांडली. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एप्ली म्हणाले, खडे गुरुत्वाकर्षणाने आत गेलेत तर त्यानेच बाहेर काढू. सुरुवातीला फारसं कोणी मानलं नाही, त्यांचा पेपर 1992 मध्ये आला. उजवा कान असेल तर मान 45 अंश उजवीकडे वळवून मागे आडवं करायचं, डोकं जरा लोंबतं, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग मान 90 अंश डावीकडे, पुन्हा थांबायचं, मग डाव्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं आणि उठून बसायचं. वाकड्या नळीतून गोटी काढतो तसे खडे फिरत फिरत पिशवीत परततात. बहुतेकांना एकदोनदा पुरतं, पण पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या, मानेचा त्रास असेल तर नक्कीच. चक्करीच्या गोळ्यांनी मळमळ दबते, खडे हलत नाहीत, आणि त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं सावरणंच मागे पडतं. खडे कॅल्शियमचे म्हणून दूध बंद करू नका, त्याचा संबंध नाही.

प्रत्येक गरगर खड्यांची नसते. ऐकू कमी येणं, कानात आवाज आणि तासन्‌तास गरगर असेल तर मेनिएर नावाचा आतल्या कानाचा आजार असू शकतो, सर्दीतापानंतर दिवसभर न थांबणारी असेल तर कानातल्या तोलाच्या नसेची सूज. आणि सोबत बोबडी वळली, दोन दोन दिसायला लागलं, एका बाजूची ताकद गेली किंवा उभंच राहता येईना, तर लिंबू ओवाळत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, तो मेंदूचा झटका असू शकतो.

खडे पुन्हा सुटू शकतात. आत्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालताना वर बघत होती तेव्हा आठ महिन्यांनी पुन्हा गरगरलं. ती भिंतीला टेकून शांत बसली, मग आळीपाळीने दोन्ही कुशींवर निजून बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावला, "या वेळी डावा आहे."