मॅलेट बोट की जर्सी बोट?

बोटाच्या टोकाला मार लागला की आइसक्रीमची काडी बांधायची आणि ‘चेंबलंय, बसेल’ म्हणायचं, हे बडोद्याच्या मैदानांवर सर्रास चालतं.

पोलो ग्राउंडवर झेल घेणाऱ्यांना मॅलेट बोट सांगायला नको. चेंडू टोकावर आदळतो, नखाच्या बाजूची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारा दोर, म्हणजे टेंडन) तुटते किंवा हाडाची कपची घेऊन उपटते, टोक लोंबतं. शेवटचा सांधा सरळ ठेवणारी स्प्लिंट (आधारपट्टी) दिवसरात्र 6 ते 8 आठवडे लावायची, मधला सांधा मोकळा सोडायचा. बोट धुताना टोक टेबलावर सपाट टेकवा. मध्येच लोंबलं तर मोजणी पहिल्यापासून. कपची मोठी असेल किंवा सांधा सरकला असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार.

जर्सी बोट कबड्डीत होतं. चढाईवाल्याचा बनियन मुठीत असतो, तो हिसडा मारून निघतो आणि तळव्याच्या बाजूची खोल शीर शेवटच्या पेरावरून सुटते. बहुतेक वेळा अनामिकाच. इथे टोक लोंबत नाही, ते वाकतच नाही. गफलत होते ती इथेच: मधला सांधा वाकवणारी शीर वेगळी असते आणि ती शाबूत असते, त्यामुळे मूठ जवळपास वळते आणि सगळे निर्धास्त होतात. कपची निघाली नसेल तर एक्स-रेही स्वच्छ येतो.

म्हणून मूठ पाहू नका. दुसऱ्या हाताने मधला सांधा सरळ धरून ठेवा आणि फक्त टोक वाकवायला सांगा. जरासुद्धा हललं नाही, तर त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे. सुटलेली शीर कधी तळव्यापर्यंत मागे ओढली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती आखडते. 7 ते 10 दिवसांत टाके घातले तर जागेवर येते, पुढे अवघड. मॅलेट काही आठवडे उशिराने आलं तरी स्प्लिंटने बरंचसं सावरतं. जर्सी बोटाला ती सवलत नाही. त्याला काडी बांधणं म्हणजे हेच दिवस वाया घालवणं. तेल लावून ओढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

एक्स-रे काढताना अख्ख्या हाताचा नको, त्याच बोटाचा बाजूने मागा. हाताच्या फोटोत बोटं एकमेकांवर येतात. कपची नखाच्या बाजूला दिसली तर मॅलेट, तळव्याच्या बाजूला दिसली तर जर्सी. ‘छोटं फ्रॅक्चर आहे’ एवढंच सांगितलं, तर कुठल्या बाजूला ते विचारा.

जर्सी बोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने पकड बंद. शेजारच्या बोटाला टेप लावून त्याआधी उतरलात, तर टाके सुटतात.