खुलं विज्ञान आणि संशोधकाचं करिअर

खुलं विज्ञान म्हणजे पेपर, त्यामागचा कच्चा डेटा, कोड, प्रयोगाची पद्धत हे सगळं कुणालाही फुकट वाचता येईल, तपासता येईल असं ठेवणं. १९९१ मध्ये आर्काइव्ह हा पेपरांचा खुला ऑनलाइन साठा सुरू झाला आणि भौतिकशास्त्रवाले जर्नलची वाट न बघता प्रिप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचा पेपर) टाकायला लागले, २००२ ला बुडापेस्टचा ओपन ॲक्सेस (पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुले करण्याचा) जाहीरनामा आला, नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने खुल्या विज्ञानाचा शिफारसनामा मंजूर केला.

सोलापूरसारख्या ठिकाणी याचं महत्त्व जास्तच आहे. इथलं विद्यापीठ २००४ चं, एकाच जिल्ह्यापुरतं, आणि मोठ्या संस्थेच्या नावाचं वजन पाठीशी नसलेल्या पीएचडीच्या पोराचं काम मुळात कुणाच्या नजरेला पडणार कसं, तर ते उघडं असेल तरच. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात खुल्या पेपरना सरासरीपेक्षा १८ टक्के जास्त सायटेशन (इतरांच्या पेपरांत दिलेले संदर्भ) दिसली. अर्थात चांगले पेपरच जास्त खुले केले जातात असंही असू शकतं, म्हणून हा आकडा जपूनच वापरावा.

सगळ्यात मोठी भीती असते ती "डेटा टाकला आणि दुसऱ्यानेच पेपर छापला तर?" ही. भीती खोटी नाही, पण प्रिप्रिंटवर तारीख पडते आणि आधी कुणी केलं याचा तो पुरावाच असतो. झेनोडो या फुकट ऑनलाइन साठ्यावर डेटा ठेवला तर त्याला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे डेटाचंसुद्धा सायटेशन होतं, आणि पेपर येईपर्यंत फाइल बंद ठेवायची सोय पण आहे.

खरी गाठ आहे ती प्रमोशनच्या फॉर्ममध्ये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विज्ञान शाखेत एका पेपरला ८ गुण, भाषा-सामाजिक शास्त्रांत १०, पण नीट स्वच्छ करून, माहिती लिहून ठेवलेल्या डेटासेटला वेगळे गुण नाहीत. मग दोन महिने डेटा साफ करण्यात कोण घालवणार? इम्पॅक्ट फॅक्टरवरून (जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) माणूस मोजू नका असं सांगणारा डोरा जाहीरनामा २०१२ पासून आहे, पण कॉलेजच्या मुलाखतीत आजही पेपर किती हेच आधी विचारतात, आणि हे बदलायलाच हवं.

पैशाचं बोलायचं तर खुलं म्हणजे हजारो रुपये फी भरणं असा समज आहे, त्यातून लोक बोगस जर्नलच्या तावडीत सापडतात. जर्नलची परवानगी असेल तर स्वीकारलेली प्रत रिपॉझिटरीत (संस्थेच्या किंवा विषयाच्या खुल्या ऑनलाइन साठ्यात) टाकायला एक रुपयाही लागत नाही. पैसे देऊनच मिळणारे पेपर वाचायची अडचण १ जानेवारी २०२५ पासूनच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या जर्नल-वर्गणी योजनेने सरकारी संस्थांपुरती कमी केली.

सगळंच उघडं करायचं नसतं हेही इथेच चांगलं कळतं. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या परिसरात तेल्या रोगावर कुणी बागांची पाहणी केली तर रोगाची नोंद द्यावी, शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर काढून. नान्नज अभयारण्यातल्या दुर्मिळ माळढोक पक्ष्याच्या अंड्यांची जागा तर अजिबात टाकू नये.

पीएचडीचा प्रबंध मात्र शोधगंगेवर (देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) जातोच, २००९ च्या यूजीसी नियमापासून ती सोय आहे, तर त्यासोबत आपली मोजमापांची फाइल पण जोडावी, गाईडला आधी विचारून.