धार्मिक आणि आध्यात्मिक: कंबर वाकणे आणि मन वाकणे

'मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे' असे हल्ली बरेचदा कानावर येते. म्हणजे देऊळ नाही, उपासतापास नाही, ध्यानाला मात्र बसतो. घरातली जुनी माणसे हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. मला वाटते, दोघांच्याही हातून काहीतरी निसटते.

धार्मिकपण बाहेरून दिसते, मोजता येते. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन एकादश्या, आषाढी-कार्तिकी, सोवळेओवळे. त्यात पंचांग, घराणे, गाव, दिंडी असे सगळे असतात. अध्यात्माचा प्रश्न एकट्याचा: या 'मी'चे काय करायचे? त्याला तिथी लागत नाही आणि ते कोणाला दाखवताही येत नाही.

वारीत या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत सापडतात. वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात, वय न बघता. ही रीत आहे, म्हणजे धार्मिक गोष्ट. पण पाया पडताना आपण कोणीतरी मोठे आहोत हा ताठा खरोखर उतरला, तर ते अध्यात्म. कंबर रोज वाकते. मन कधी वाकेल, सांगता येत नाही. म्हणून नेम फुकट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ध्यान मन लागेल तेव्हा होते. मन न लागलेल्या दिवशीही पहाटे उठवतो तो नेमच.

पण नुसता नेम कुठवर नेतो, तेही पंढरपुरानेच दाखवले आहे. चौदाव्या शतकातल्या चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांना अडवणारे अधार्मिक नव्हते, नियम ते तंतोतंत पाळत होते. पुढे १९४७ साली मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडायचे मान्य झाले. गाडगेबाबा तर पंढरीला जाऊन हाती खराटा घेत, आणि तिथे त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. नियमाच्या मापाने त्यांना धार्मिक म्हणणे अवघड, पण अध्यात्म म्हटले की मला आधी तो खराटा आठवतो.

हे मला घरीच कळले. आजोबा पायी वारी करत. वाटेत दिसेल त्या वारकऱ्याच्या पायावर डोके ठेवत. घरी मात्र शेतावरच्या गड्याचा कप वेगळा, निळ्या फुलांचा, वळचणीला खोचलेला. चहा त्यात वरून ओतायचा, आणि पिऊन झाला की त्याचा त्याने विसळून पुन्हा खोचायचा. आजी कधी वारीला गेली नाही. घर आणि गुरे कोण बघणार? एका संध्याकाळी तिने तो कप बाकीच्या भांड्यांबरोबर राखेने घासला आणि मांडणीत पालथा घातला. आजोबांनी पाहिले. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पूजा आटोपली आणि आजीने त्यांचा चहा त्याच कपातून आणून ठेवला. आजोबा बराच वेळ कपाकडे बघत बसले. चहावर साय धरली. मग बोटाने साय बाजूला केली आणि प्यायले.