हापूसला थंडी हवी, पण बेताची

महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी पिकते. आंबेनळी घाट उतरून पोलादपुरात आलात की तिचा निभाव लागत नाही. समुद्रामुळे कोकणात पाला जाळणारी थंडी पडत नाही. म्हणूनच जायफळ, दालचिनी, काळी मिरी ही थंडी न सोसणारी झाडे नारळी-पोफळीच्या आगरात सुखाने वाढतात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राच्या 'लाखी बागे'त हीच जुनी रीत मापात बसवली आहे: नारळ साडेसात मीटरवर, चार नारळांच्या मध्यभागी जायफळ, दोघांमध्ये दालचिनी, बुंध्यावर मिरीचा वेल.

आंब्याचे गणित मात्र वेगळे: त्याला मोहोरासाठी थोडी थंडी लागतेच. पण आधी झाड कसे तयार होते ते पाहू. कलमे बांधण्याची कला या किनाऱ्यावर रुजवली पोर्तुगीजांनी, गोव्यात. हापूस हे नावही गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलेले. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) कोय कलमाची पद्धत बसवली आणि रोपवाटिकांचे काम सोपे झाले. जून-जुलैत ताजी कोय रुजवायची. रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस असतानाच सात ते नऊ सेंटिमीटरवर छाटून मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यायची. हापूसच्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. पाने हिरवी झालेल्या रोपावर बांधलेली कलमे बरीच मरतात. किनाऱ्याची दमट पावसाळी हवा काडी सुकू देत नाही, म्हणून जुलै-ऑगस्ट हाच खरा हंगाम. १९९० मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि कातळावरही बागा उभ्या राहिल्या.

झाडे वाढली, पण मोहोर दरवर्षी येईना. मोहोर फुटायला पावसानंतर जमिनीला ताण आणि रात्री गारवा लागतो. पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला, रात्री उबदार राहिल्या की मोहोराऐवजी पालवी येते आणि ते वर्ष हातचे जाते. यावर उपाय म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ रोखणारे औषध, म्हणजे बागायतदारांचे 'कल्टार', आले. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली औषध तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळतात. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध, सभोवार दहा-बारा सेंटिमीटर खोल पंचवीस-तीस भोके पाडून ते सारखे ओततात. धो धो पावसात दिले तर वाहून जाते. आधी तण काढले नाही तर भलतीकडेच मुरते. दहा वर्षांखालच्या झाडाला देऊ नये. खत न घालता वर्षानुवर्षे नुसते कल्टार ओतणाऱ्यांच्या बागा खंगतात, आणि दोष औषधाला दिला जातो.

उरला साका. तापलेल्या कातळाची झळ फळाला लागली की आतला गर पांढुरका, स्पंजासारखा होतो आणि बाहेरून काही कळत नाही. झाडाखाली सुक्या गवताचे आच्छादन आणि ८०-८५ टक्के तयार फळाची सकाळी लवकर काढणी, एवढ्याने तो बराच आटोक्यात राहतो. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीने १९८१ मध्ये 'रत्ना' ही जात दिली, मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू'. दोन्हींत साका नाही, सिंधूची कोय तर पापडाएवढी पातळ. पण गिऱ्हाईक हापूसच मागते, आणि २०१८ चे भौगोलिक मानांकनही हापूसलाच मिळाले.