थंड बियर कोमट झाली की बाद?

‘फ्रिजमधली बियर एकदा कोमट झाली की बाद, भेट द्यायची तर थंडच पोचवा’, हा मेसेज दिवाळीच्या आसपास हमखास फिरतो.

समज उगाच पसरलेला नाही. बाहेर राहिलेल्या बाटलीला कधी कधी खरंच उग्र वास येतो. पण तो उजेडामुळे. हॉप्समधले (बियरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांमधले) कडवट घटक प्रकाशात तुटतात आणि गंधकाचं एक वासट संयुग तयार होतं. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारच कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅनला तर प्रश्नच नाही.

उष्णतेनं बियर शिळी होते, पण हळूहळू. मे महिन्यातल्या नागपुरात गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवली तर पुठ्ठ्यासारखी लागेल. एक रात्र कपाटात राहिली म्हणून नाही.

घरीच बघा. दोन सारखे कॅन थंड करा. एक रात्रभर कपाटात ठेवून पुन्हा थंड करा. मग कुठली कुठल्या ग्लासात हे तुम्हाला न सांगता कुणाला तरी दोन ग्लासांत ओतायला लावा आणि ओळखा. उरलेल्यातला एक घोट काचेच्या ग्लासात अर्धा तास उन्हात ठेवून हुंगा, फरक तिथे कळेल.

भेटीसाठी कॅन किंवा तपकिरी बाटली घ्या, उत्पादनाची तारीख ताजी बघून. मित्र वर्ध्याचा असेल तर मात्र काजूकतलीच न्या, तिथे दारूबंदी आहे.