सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदललाय? मग कार्ब्युरेटर तसाच ठेवू नका

नवा सायलेन्सर बसवला, एअर बॉक्स (मूळ फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा कोन फिल्टर लावला, आणि तेव्हापासून गाडी पहिल्यासारखी राहिली नाही, अशी तक्रार घेऊन आमच्या साताऱ्याच्या गॅरेजमध्ये सारखं कोणी ना कोणी येतं. आवाज वाढला पण पिकअप गेला, थ्रॉटल सोडलं की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, सिग्नलला गाडी बंद पडते. गडबडीत प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्रक. ते कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, गाड्यांसाठी आहे: जुनी बुलेट, यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनाची क्लासिक ३५०, पल्सर, आरएक्स १००. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आलं. त्यांचं काम वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

बिघडतं काय

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे हवेचा आकडा १२.५ ते १३ च्या आसपास येतो. कंपनीने हे प्रमाण पितळी जेटच्या भोकांनी बांधून दिलेलं असतं, आणि ते बांधताना मूळ एअर बॉक्स आणि मूळ सायलेन्सर धरलेला असतो.

कार्ब्युरेटर पेट्रोल ओढतो तो हवेच्या ओढीवर. एअर बॉक्सचं तोंड अरुंद असतं, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गळ्यात ओढ चांगली बसते. नारळपाणी पिताना नळीला भेग असली की कितीही ओढा, पाणी वर चढत नाही, तसंच इथे होतं. बॉक्स काढला की ओढ सैल पडते. हवा भरपूर येते, पेट्रोल मात्र त्या मानाने कमी चढतं. त्यात मोकळा सायलेन्सर लावला की हवा आणखी मोकळी वाहते. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी; पेट्रोल जास्त झालं तर त्याला रिच म्हणतात. लीन मिश्रणाने इंजिन तापतं, आणि पहिला बळी जातो पिस्टनचा.

मागे एक क्लासिक ३५० आली होती. मालकाचं म्हणणं एवढंच, "दादा, गाडी गरम झाली की ओढत नाही." प्लग काढून उजेडात धरला. मधली चिनी माती खडूसारखी पांढरी, आणि टोकाच्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झालेल्या. नीट चालणाऱ्या गाडीत तीच माती फिक्या कॉफीच्या रंगाची असते. त्या गाडीला कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावून कित्येक महिने झाले होते आणि जेट अजून कंपनीचेच होते. वेळेत आली म्हणून पिस्टन वाचला.

लीन की रिच, हे तुम्हालाही ओळखता येतं

गाडी गरम असताना चोक अर्धा ओढून बघा. चाल सुधारली तर गाडी लीन आहे, आणखी बिघडली तर रिच. रेस सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता वरच लटकून राहतो, हेही लीनचं लक्षण. रिच गाडी जड चालते, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरते, प्लग काळा पडतो आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटत असतील तर जेटकडे जाण्याआधी बेंड पाइप जिथे हेडला बसतो तिथलं गॅस्केट तपासा. तिथून बाहेरची हवा आत शिरत असेल तर कितीही जेट बदला, फटाके थांबणार नाहीत. कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर गेली असेल तरी हेच. आम्ही या दोन जागा पाहिल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडतच नाही.

आम्ही ट्यूनिंग कसं करतो

थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी टेप लावतो आणि तिच्यावर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करतो. बघायला साधी गोष्ट, पण सगळं काम तिच्यावर उभं आहे. कारण कार्ब्युरेटरचा प्रत्येक भाग थ्रॉटलच्या आपापल्या टप्प्यात काम करतो. आयडलपासून पावापर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू. पावापासून पाऊणपर्यंत स्लाइडमधली (कार्ब्युरेटरच्या गळ्यात वरखाली होणाऱ्या झडपेतली) पिन. पाऊणच्या पुढे मेन जेट. "गाडी मधेच अडखळते" असं सांगितलंत तर आमचा पहिला प्रश्न असतो, थ्रॉटल कितीवर असताना? गाडीच्या वेगाचा इथे संबंध नाही, मुठीचा आहे.

सुरुवात मेन जेटपासून. यवतेश्वर घाटाच्या चढावर, रस्ता मोकळा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देतो. चढावर इंजिनावर भार येतो आणि वेग फार वाढत नाही, म्हणून तपासणी नेमकी होते. तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी कडेला घ्यायची आणि प्लग काढून बघायचा. तसंच आयडलवर गॅरेजपर्यंत चालवत आणलं तर प्लगचा रंग बदलतो आणि खरं काही कळत नाही. मिकुनी कंपनीच्या मेन जेटवर ९०, ९२.५, ९५ असे आकडे कोरलेले असतात. आकडा मोठा तसं भोक मोठं. एका वेळी एकच पायरी चढतो.

मग पिन. पिनेला वरच्या टोकाशी खाचा असतात आणि त्यातल्या एकीत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की पिन वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. शहरातली जवळजवळ सगळी गाडी तुम्ही याच टप्प्यात चालवता, त्यामुळे अ‍ॅव्हरेज आणि पिकअप दोन्ही या खाचांवर ठरतात. आमचा सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा.

शेवटी पायलट आणि स्क्रू. इथे भलेभले फसतात. जुन्या बुलेटच्या आणि आरएक्सच्या व्हीएम (केबलने स्लाइड उचलणाऱ्या) कार्ब्युरेटरला एअर स्क्रू असतो, फिल्टरच्या बाजूला. तो बाहेर फिरवला की हवा वाढते, म्हणजे गाडी लीन होते. यूसीई बुलेटच्या आणि पल्सरच्या डायफ्रामवाल्या (हवेच्या दाबाने स्लाइड उचलणाऱ्या) कार्ब्युरेटरला स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. एका गाडीची सवय दुसरीवर चालवली की काम बरोबर उलटं होतं.

सुरुवातीच्या काळात आम्हीही घाई करायचो. एका पल्सरचा मेन जेट आणि पिनेची खाच एकाच दिवशी बदलली. गाडी बिघडली, पण कशामुळे ते कळेना. दोन दिवस गेले आणि शेवटी सगळं मूळ जागी आणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हापासून एका फेरीत एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. तुमच्या गाडीचं पान तुम्हाला मिळेल. ते जपून ठेवा, पुढे कुठल्याही मेकॅनिकला उपयोगी पडेल.

एक विनंती. जेटमध्ये वायर घालून भोक मोठं करून घेऊ नका. शंभर ठिकाणी करतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. भोक वेडंवाकडं होतं, आकडा खोटा पडतो, आणि मग ती गाडी कुणालाच नीट लावता येत नाही. अशी गाडी आली तर आम्ही आधी जेट नवे टाकतो.

कोन फिल्टरबद्दल आमचं मत

सायलेन्सर बदला, पण डायफ्रामच्या कार्ब्युरेटरवर एअर बॉक्स ठेवा. त्यातली स्लाइड केबलने उचलली जात नाही, हवेच्या दाबातल्या फरकाने वर येते. त्यासाठी आत येणारी हवा शांत लागते, आणि ती शांत करण्याचं काम बॉक्स करतो. उघड्या कोन फिल्टरवर बाजूचा वारा लागतो, पावसाचं पाणी लागतं आणि मधल्या थ्रॉटलला स्लाइड डळमळते. शिवाय आपल्याकडची धूळ. बॉक्स ठेवून फक्त सायलेन्सर बदललेल्या गाडीचं काम बहुतेक वेळा मेन जेटच्या एकदोन पायऱ्यांत आणि पिनेच्या एका खाचेत होऊन जातं.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी

आरएक्स १०० वर तर अजिबात टाळाटाळ नको. लीन टू-स्ट्रोक चालता चालता सीझ होते, म्हणजे पिस्टन आत अडकतो, आणि मागचं चाक जाम होतं. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण तिथे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. आम्ही आरएक्स नेहमी थोडी रिच सोडतो. थोडा धूर जास्त येईल, तो येऊ द्या.

घाट, लडाख आणि ई२०

दर १००० मीटर चढाला हवा साधारण १० टक्क्यांनी विरळ होते. म्हणून साताऱ्यात लावलेली गाडी महाबळेश्वरला किंचित रिच वाटेल, तिकडे दुर्लक्ष करा. लेह मात्र ३५०० मीटरवर आहे. तिकडे निघणार असाल तर आधी सांगा, लहान मेन जेट सोबत देतो आणि बदलायचा कसा तेही दाखवतो. उतरल्यावर मूळ जेट परत टाकायला विसरू नका, नाहीतर खाली गाडी लीन चालेल. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही ध्यानात घ्या. इथेनॉलला ग्रॅममागे साधारण ९ ग्रॅमच हवा लागते, त्यामुळे त्याच जेटवर जुनी गाडी आणखी लीन पडते. आता ट्यूनिंग करताना आम्ही हे धरूनच चालतो. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंगही याच वेळी बदलून घ्या, इथेनॉलने ते फुगतात.

कायदा

१७५ सीसीवरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. आतली जाळी काढलेले सायलेन्सर आम्ही बसवत नाही आणि तशा गाडीचं ट्यूनिंगही करत नाही. रात्री घरात कुणी आजारी असतं, कुणाचं बाळ झोपलेलं असतं.

गाडी आणताना

आदल्या रात्री फोन करा आणि गाडी सकाळी थंड इंजिनाने आणा, कारण थंड गाडी कशी सुरू होते हे आम्हाला बघायचं असतं. टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या. काढलेले मूळ जेट, मूळ फिल्टर, मूळ सायलेन्सर घरी असतील तर सोबत आणा. टॅपेट आणि प्लग शेवटचे कधी केले ते सांगा. काम पूर्ण दिवसाचं आहे, तासाभरात मागू नका. ५०० किलोमीटर झाले की एकदा प्लग दाखवायला या, त्याचे पैसे नाहीत.