नागपूरच्या भिंतींत मुरलेली ओल

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला आणि आसपासच्या लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांमधल्या, तळमजल्यांत पाणी शिरले. रस्त्यावरचे पाणी ओसरायला फार वेळ लागत नाही. विटेत शिरलेले पाणी मात्र महिनोन्‌महिने आत राहते, आणि तेवढा काळ भिंतीचे बळ कमी झालेले असते.

भाजलेली वीट घट्ट दिसते, पण आतून ती बारीक छिद्रांची असते. चोवीस तास भिजवल्यावर साध्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेले भारतीय मानकाला चालते. ओली वीट कोरड्या विटेपेक्षा कमी दाब सोसते, म्हणून प्रयोगशाळेत विटेची ताकद ती भिजवूनच मोजतात. भट्टीच्या कडेला राहून नीट न भाजलेली पिवळी वीट तर आणखी लवकर हार मानते. भिंत मातीच्या सांध्यात रचलेली असेल, तर वीट शाबूत राहते आणि सांधाच मऊ पडतो. शिवाय ओल जमिनीतून वर चढते. म्हणजे वरच्या सगळ्या घराचा भार ज्या थरांवर, तेच थर सर्वांत ओले.

जुन्या गवंड्यांना हे पक्के ठाऊक होते. महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता. १८६४ च्या आगीत तो गेला. काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून वाड्यांचे जोते दगडाचे आणि वीट त्याच्या वर. सांध्यात आणि गिलाव्यात घाण्यात मळलेला चुना. चुना ओल अडवत नाही, तिला बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यात भिजलेली भिंत उन्हाळ्यात वाळून निघायची.

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांतांची राजधानी झाले, १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पक्क्या विटेचे बांधकाम वाढत गेले. त्याच शतकात इंग्लंडमध्ये जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर घालण्याची रीत रुळली. आज आपण त्याला डीपीसी म्हणतो. चार पैसे वाचवायला घरमालक आजही पहिल्यांदा हाच थर गाळतो. एकदा भिंत उभी राहिली की तो मागाहून घालणे फार कठीण आणि खर्चाचे काम.

मग सिमेंट आले. नव्या बांधकामात त्याचा उपयोग मोठाच आहे, पण चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणे ही माझ्या मते या शहरातल्या वाड्यांच्या बाबतीत झालेली सर्वांत महागडी चूक आहे. आतली ओल कोंडते, बाहेरची वाट बंद झाल्यामुळे आणखी वर चढते आणि सोबत क्षार नेते. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. पांढरी पूड हाताने झटकता येते. नुकसान करतो तो विटेच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसणारा क्षार. सोडियम सल्फेट हा त्यातला सर्वांत द्वाड. ३२.४ अंश सेल्सिअसच्या खाली आणि पुरेशी ओल असताना त्याचा कण पाण्याचे दहा रेणू पोटात घेतो आणि तिपटीहून अधिक फुगतो. नागपुरात उन्हाळाभर पारा दुपारी या रेषेच्या बराच वर आणि रात्री बहुधा तिच्याखाली. या फुगण्या-आकसण्याने विटेचा पापुद्रा सुटत जातो आणि नऊ इंची भिंत हळूहळू बारीक होते. एकाच बाजूने झिजल्यावर वरचा भार मध्यावरून सरकतो, हे आणखी वाईट.

पण मे महिन्याच्या कोरड्या हवेत ओल येते कुठून? कूलरमधून. खिडकीबाहेरच्या स्टँडवर तो तीन-चार महिने चालतो, टाकी भरून वाहते, बाजूच्या भिजत्या ताट्यांतून पाणी झिरपते आणि खिडकीखालची भिंत कधी वाळतच नाही. त्यात बोअरचे पाणी असेल तर ते उडून जाताना टाकीतला क्षार दाट होत जातो, आणि नेमके तेच पाणी भिंतीवर सांडते. पावसाने केले नसते इतके नुकसान या एका कोपऱ्यात होते.

या नुकसानीत काळ्या मातीची भर वेगळीच. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. पुढच्या पावसाला आत शिरायला तेवढी फट पुरते.

कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतल्या राखेच्या विटा अलीकडे सर्रास दिसतात. त्याही पाणी पितात. पण नव्या इमारतीत भार काँक्रीटचे खांब घेतात, भिंत नुसती आडोशाची. काळजी आहे ती महाल, इतवारीतल्या जुन्या घरांची आणि भिंतींवरच उभ्या असलेल्या जुन्या लेआउटमधल्या घरांची. त्यांतल्या काहींवर पुढे मुलांच्या लग्नाच्या वेळी आणखी एक मजला चढला, आणि खालच्या ओल्या चार थरांकडे तेव्हा कुणी पाहिले नाही.